रागवून हाक मारता येईल असं नाव

मुलगी झाली तेव्हा तिच्या पायाला एक पट्टी बांधलेली आणि त्यावर लिहिलेलं 'बेबी ऑफ शीतल'. पहिल्या दिवशी ते वाचून मला फार भारी वाटलं. दहाव्या दिवशी मात्र लाज वाटायला लागली, कारण घरी येऊन आठवडा होत आला तरी आम्ही तिला बाळी, चिमणी, पिल्लू, ठमाबाई असल्या वाट्टेल त्या नावांनी हाका मारत होतो आणि खऱ्या नावाचा पत्ताच नाही. नऊ महिने काय करत होतात गं दोघं, असं जो येईल तो विचारायचा. अहो यादी करत होतो!

यादी नवऱ्याच्या फोनमध्ये होती, एक्सेल शीट. नाव, अर्थ, कुणी सुचवलं आणि चौथा कॉलम 'कुणाला नको'. हा चौथा कॉलम सगळ्यात आधी भरला. नावं शहाऐंशी होती आणि कुणालाच नको नाही असं एकही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा झाला तेव्हा त्याचं नाव सांगितल्यावर सगळे 'वा छान' म्हणून पुढच्या विषयाकडे वळले होते. मुलीच्या नावाचं तसं होत नाही हे मला आता कळलं. मुलीचं नाव नाजूक हवं, पण अगदीच बाहुलीसारखं नको, जुनं नको, पण फार मॉडर्नही नको, जोडाक्षर नको, चार अक्षरी नको, 'जरा गोड काहीतरी बघा की'. गोड म्हणजे काय हे कुणालाच सांगता येत नव्हतं. एका काकूंनी तर 'नाव घेतल्यावर मुलगी गोरी वाटली पाहिजे' असं सांगितलं, त्यावर काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

मला स्वतःला एकच गोष्ट नक्की माहिती होती, माझ्यासारखं नाव नको. माझं नाव शीतल. वर्गात तीन शीतल होतो, त्यामुळे दहावीपर्यंत मी आडनावाच्या पहिल्या अक्षरानेच ओळखली गेले. आणि शीतल मुलाचंही असतं, त्यामुळे आजही निम्मी पत्रं 'श्री. शीतल' म्हणून येतात, एकदा तर ट्रेनिंगच्या हॉस्टेलला मला पुरुषांच्या मजल्यावर खोली दिली होती आणि तिथला माणूस रजिस्टरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत बसलेला. तर पहिला नियम असा की नाव ऐकल्यावर मुलगी आहे हे कळलं पाहिजे. स्नेहल, किरण, शीतल बाद.

(रात्री फीड करताना फोनवर वाचत बसायचे तेव्हा आइसलंडचं एक प्रकरण सापडलं. तिथे नावांची ठरलेली यादी आहे, यादीत नसलेलं नाव ठेवायचं तर एका समितीकडून पास करून घ्यावं लागतं. एका मुलीचं नाव आईने ठेवलं त्याचा अर्थ वाऱ्याची झुळूक, पण त्यांच्या भाषेत तो शब्द पुल्लिंगी, म्हणून समितीने नाही सांगितलं. मग पंधरा वर्षं तिच्या सरकारी कागदांवर नावाच्या जागी नुसतं 'मुलगी' असा त्यांच्या भाषेतला शब्द. शेवटी कोर्टात गेले आणि २०१३ साली ते नाव तिला मिळालं. आपल्याकडे झुळूक स्त्रीलिंगी आहे बघा, काही प्रॉब्लेम आला नसता. पण मांडीवर बेबी ऑफ शीतल आणि रात्रीचे तीन वाजलेले, मला ते वाचून उगाच रडूच आलं.)

तर अर्थाचं प्रकरण. सुरुवातीला आम्ही सगळ्यांसारखंच केलं, नावांच्या साईट उघडल्या. तिथे प्रत्येक नावाचा अर्थ एकतर लक्ष्मी, नाहीतर दुर्गा, नाहीतर सूर्याचं पहिलं किरण. कुठलंही नाव टाका, शेवटी 'देवी'. त्यात आम्हाला अनया आवडलं. ऐकायला मऊ, लिहायला सोपं, तीन अक्षरी. नणंदेला आवडलं, माझ्या आईला आवडलं, सासूबाई 'बघा बाई तुम्हाला आवडतंय तर' म्हणाल्या म्हणजे जवळजवळ होच. दोन दिवस आम्ही तिला अनया म्हणून हाका मारल्या, नवऱ्याने मित्रांना सांगूनही टाकलं.

आणि मग बाबा आले. माझे बाबा म्हणजे संस्कृत शिकवून रिटायर झालेले, त्यांच्याकडे आपट्यांच्या कोशाची जाडजूड प्रत आहे जिच्या पाठीला चिकटपट्टी लावलेली आहे. नाव ऐकून काही बोलले नाहीत, घरी गेले आणि रात्री कोशाच्या पानाचा फोटो पाठवला, खाली काहीही न लिहिता. अनय म्हणजे वाईट वर्तन, अन्याय, दुर्दैव. नय म्हणजे नीती आणि त्याच्या मागे 'अ' लागलाय, इतकं साधं होतं ते, आम्हाला कुणालाच दिसलं नाही. नवरा म्हणाला 'जाऊ दे ना, कोण कोश उघडून बघतंय', आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं, पण फोटो एकदा बघितल्यावर मनातून जाईना. हाक मारायला तोंड उघडलं की दुर्दैव. मित्रांना परत कळवायला लागलं.

त्यानंतर आम्ही साईट बंद केल्या. एक सांगते, ज्यांना अर्थ बघायचाच आहे त्यांनी आपटे आणि मोल्सवर्थ बघा, दोन्ही कोश ऑनलाइन सर्च करता येतात, फुकट. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आहे, मराठी शब्दांसाठी अजूनही तीच उघडावी लागते. तिथे शब्दच सापडला नाही तर ते नाव वाईट असं नाही, तो नुसता आवाज आहे एवढंच समजायचं. आवाज आवडला तर ठेवा की, पण मग अर्थ विचारणाऱ्याला 'सूर्याचं पहिलं किरण' असं ठोकून देऊ नका.

पण कोश हातात आल्यावर वेगळाच त्रास सुरू झाला, कारण आता कुठलंच नाव टिकेना. नणंदेने कियारा सुचवलं, तर इटालियनमधल्या कियाराचा अर्थ स्वच्छ, उजळ आणि त्याच्या अगदी जवळचं आयरिश नाव आहे त्याचा अर्थ काळी, सावळी. आता मुलगी उजळ की सावळी हे इटलीला विचारायचं की आयर्लंडला? शर्वरी सगळ्यांना आवडलं, 'किती प्रसन्न नाव' म्हणाल्या एक मावशी, त्याच मावशी ज्यांनी रजनी आणि यामिनी रात्रीची नावं म्हणून नको म्हटली होती. शर्वरी म्हणजे पण रात्रच! विभावरी पण. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या 'पण तसं वाटत नाही ना'. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं त्यांचंच बरोबर होतं.

सगळ्यात मजा अस्मिताच्या वेळी आली. माझ्या आईचं ते लाडकं नाव. मला व्हायच्या आधी तिने ते ठरवलेलं आणि तेव्हा कुणीतरी मोडता घातला म्हणून मी शीतल झाले. तर आई म्हणाली अस्मिता ठेवा. बाबा म्हणाले, योगसूत्रात पाच क्लेश सांगितलेत, अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश, त्यातला तो दुसरा. आई शांतपणे म्हणाली, 'आणि राग तिसरा ना? मग तुमच्या बहिणीचं नाव रागिणी कसं चाललं?' बाबांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवसानंतर कोशाच्या पानांचे फोटो यायचे बंद झाले.

नवऱ्याचं तंत्र निराळं. त्याला अर्थाशी देणंघेणं नाही, त्याचं सगळं ओळखीवर. हे नको, ती वर्गात चुगल्या करायची. ते नको, ती बॉसची बायको. गौरी नको. का नको? नुसतंच नको. मी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं, चौथ्या कॉलममध्ये त्याचं नाव टाकलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह. आणि अनया गेल्यावर तर 'अ'वरून अजिबातच नाही, कारण त्याचं स्वतःचं नाव अ वरून आहे आणि बारा वर्षं त्याचा रोल नंबर एक होता, प्रत्येक तोंडी परीक्षेला पहिला हा, बाकीचे बाहेर येऊन ह्याला विचारणार की काय विचारलं रे. हे कारण मला पटलं. आजकालची निम्मी नावं त्याने एका फटक्यात उडवली, अन्वी, आर्या, अद्विका, आरोही सगळ्या गेल्या. तसाही मुलांच्या कुठल्याही घोळक्यात 'आर्या' म्हणून हाक मारा, तीन जणी वळून बघतात. हे सगळीकडचंच आहे म्हणा, अमेरिकेत १९७० ते १९८४ सलग पंधरा वर्षं मुलींच्या नावांत जेनिफर पहिल्या नंबरवर होतं, म्हणजे तिकडच्या वर्गांचं काय झालं असेल ते मी, तीन शीतलांपैकी एक, चांगलंच समजू शकते. आमच्या आयांच्या पिढीचं तर विचारूच नका, वंदना, अर्चना, साधना, प्रार्थना, उपासना, सगळ्या एकाच अर्थाच्या आजूबाजूला फिरतायत, चार मैत्रिणी जमल्या की वेगळी पूजा सांगायला नको.

मग उरलेल्या वीसेक नावांवर मी माझ्या परीक्षा लावल्या. पहिली, फोनवर. मैत्रिणीला फोन करून नाव सांगायचं आणि इंग्रजीत टाईप करून पाठव म्हणायचं. ही परीक्षा प्रत्येकाने करून बघा, डोळे उघडतात. सई मला फार आवडायचं, सखी, मैत्रीण असा अर्थ, दोन अक्षरं, मराठी मातीतलं. मैत्रिणीने ते इंग्रजीत टाईप केलं, मी ते दुसरीला फॉरवर्ड केलं, तिने वाचलं साई! प्रज्ञाचं तर तीन तऱ्हेने होतं, आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य, गुजरातीवाले ग्न आणि स्पेलिंगंही तशीच तीन. ऋजुता, म्हणजे सरळपणा, केवढा सुंदर अर्थ, पण आपण रु म्हणणार, हिंदीवाले रि म्हणणार आणि सरळपणा आयुष्यभर लोकांना सरळ करत बसणार. उज्ज्वला मराठीतच दहातल्या नऊ जणांनी चुकीचं लिहिलं, एक ज खाऊन. ही नावं वाईट नाहीत. माझी मैत्रीण आहे एक, तिच्या नावात ज्ञ आहे आणि तिला ते समजावून सांगायला आवडतं. माझी हौस फिटलीये एवढंच, श्री. शीतल म्हणून.

दुसरी परीक्षा हाकेची. हॉलमध्ये उभं राहून आतल्या खोलीतल्या माणसाला हाक मारायची. तेव्हा कळतं की काही नावं वाचायला छान असतात पण लांब जातच नाहीत, शेवटचं अक्षर ताणता आलं पाहिजे, आऽऽ किंवा ईऽऽ. मृण्मयीचं पहिलंच अक्षर तोंडात अडकतं, ते बाहेर येईपर्यंत पोरगी रस्ता ओलांडून गेली असेल.

तिसरी रागवायची. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ह्याबद्दल कुणीच बोलत नाही. मराठीत पोरीवर राग आला की नावाच्या शेवटी एकार लागतो, सुमे, गंगे, मुक्ते! तो एकार लावून ओरडून बघायचं. राधा यादीत बरंच वर होतं, मी भांडं आपटून 'राधे!' म्हणून बघितलं तर भजन सुरू झाल्यासारखं वाटलं, नवरा आतून 'राधे राधे' म्हणत आला. सईचं सये होतं, ते ऐकून कुणीही घाबरणार नाही, उलट झोका बांधून द्यावासा वाटेल. इराचं इरे, ते नेमकं काय वाटतं माहिती नाही पण हाकलल्यासारखं वाटतं. मुक्ते ठीक होतं. मीरे चाललं असतं.

तर हे सगळं चालू असताना सासूबाई गप्प. त्यांनी एकही नाव सुचवलं नव्हतं, यादीत त्यांच्या नावापुढे शून्य. फक्त मोठं नाव आलं की मान हलवायच्या, मैत्रेयी नको, शर्मिष्ठा नको, लोपामुद्रा तर नकोच नको. मला वाटलं त्यांना जुनं-मॉडर्न असं काहीतरी असेल. एका दुपारी बाळीला मांडीवर झोपवत होत्या आणि मी शेजारी बसून यादी वाचत होते, मी सहज म्हणलं, 'आई, तुमचं नाव किती सुंदर आहे, शकुंतला, शकुंत म्हणजे पक्षी, तिला जन्मल्यावर पक्ष्यांनी सांभाळलं म्हणून कण्वांनी ते नाव ठेवलं.' तर म्हणाल्या, 'माहितीये मला. पण मला शकुंतला म्हणलंय कोणी? लहानपणी शकू, इथे आले तर शकूवहिनी, मग शकूकाकू. तुझे सासरेसुद्धा शकूच. बँकेत सही करते तेवढ्यापुरती मी शकुंतला असते.' आणि मग बाळीच्या डोक्यावरचं टोपरं नीट करत म्हणाल्या, 'एवढंसंच ठेवा, कापता येणार नाही असं.'

मला काही बोलताच आलं नाही. चार वर्षं मी त्यांना आई म्हणतेय, मीही कधी ते नाव घेतलेलं नव्हतं.

त्या रात्री यादीतली तीन अक्षरांच्या वरची सगळी नावं मी एकटीने उडवली, चौथ्या कॉलममध्ये सासूबाईंचं पूर्ण नाव टाकून. उरली पाच. त्यात एक होतं उमा. कुणी सुचवलं ते आठवत नाही, तो कॉलम रिकामा होता आणि आश्चर्य म्हणजे चौथ्या कॉलममध्ये फक्त नणंद, 'उमाबाई वाटतं, चष्मा लावलेली'. मी म्हणलं चष्मा तर लागणारच आहे, आईबाप दोघांना आहे. आणि साठीची बाई वाटतं तर वाटू दे, साठीची कधीतरी होईलच की ती, तेव्हा कियारा काय करणार?

उमा सगळ्या परीक्षांतून पटापट पास झालं. इंग्रजीत तीन अक्षरं, दुसरं स्पेलिंगच नाही, मैत्रिणीने विचारलंही नाही. हाक लांब जाते. 'उमे!' म्हणून ओरडले तर नवरा खरंच दचकला. त्याला आणखी एक फायदा सापडला, इंग्रजीत यू एकविसावं अक्षर, म्हणजे रोल नंबर शेवटून पाचात, तोंडी परीक्षेला निवांत. मराठीत मात्र उ वरून, म्हणजे अ आ इ ई झालं की लगेच हीच. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

अर्थ आम्ही बघितलाच नाही. पार्वतीचं नाव एवढं पुरे होतं. फॉर्म द्यायची तारीख तोंडावर आली होती, नवऱ्याने जाऊन नाव दिलं, तिथल्या माणसाने 'कसं लिहायचं' असं न विचारता लिहून टाकलं, आठवडाभराने दाखला आला, उमा, ऱ्हस्व उ, बरोबर.

मग बाबांना सांगितलं. पोटात थोडा गोळा होता, म्हणलं आता फोटो येतो. फोटो नाही आला, फोनच आला. म्हणाले, कालिदासाने कुमारसंभवात ह्या नावाची गोष्ट सांगितलीये. पार्वती तपाला निघाली तेव्हा तिच्या आईने तिला अडवलं, 'उ मा', म्हणजे अगं, नको! तेच मग तिचं नाव पडलं.

म्हणजे आम्ही मुलीचं नाव 'अगं नको' असं ठेवलंय. आता ती रांगतेय आणि चार्जरची वायर तोंडात घालतेय तर मी दिवसभर 'उमा, नको' 'उमा, नको' करत असते, म्हणजे बाबांच्या हिशोबाने नुसतं उमा म्हणलं तरी भागेल. ती ऐकत नाही ही गोष्ट वेगळी, ती पार्वतीही ऐकून थांबली नव्हतीच.

आणि कापता येणार नाही असं नाव हवं होतं ना? दोन अक्षरांचं काय कापणार, असं आम्हाला वाटलेलं. कापलं नाही कुणी, वाढवलं. उमू, उमडी, उमटू, उमाताई, आणि परवा तर 'उमटूबाय'. ह्यातलं प्रत्येक नाव सासूबाईंनी पाडलेलं आहे. मी म्हणलं आई, हे हो काय, तर म्हणाल्या 'मी कुठे कापलं?' आणि तिला कडेवर घेऊन आत गेल्या.